बाहेर बसणारा वेल्डर

मातोरीच्या कारभारी पिंगळेचं नाव ज्याने ठेवलं, त्याचा माणसांवर भलताच विश्वास असला पाहिजे. कारभारी म्हणजे घर हाकणारा, चारचौघांत बोलणारा, कुणाच्या बापाला न भिणारा माणूस. हा कारभारी विहिरीत डोकावताना आधी काठावर पालथा पडायचा. बैल फुरफुरला की दोन पावलं मागे. दिवाळीत फटाके वाजायला लागले की घरातल्या शेवंतीच्या पाट्यांमागे जाऊन बसायचा आणि सगळं शांत झाल्यावर, मी पाट्या मोजत होतो, असं सांगायचा.

घरचा धंदा फुलांचा. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. सकाळी तोडायची, नाशिकच्या फुलबाजारात नेऊन द्यायची. या धंद्यात घाबरण्यासारखं काही नाही, म्हणून कारभारी त्यात सुखी होता. पण जमीन दीड एकर आणि भाऊ तिघं. कारभारी सगळ्यात धाकटा. त्र्याण्णव साली तो दहावी कसाबसा पास झाला आणि वडिलांनी, गोटीराम पिंगळेंनी, त्याचा परस्पर निकाल लावून टाकला.

"आयटीआयला वेल्डिंगची जागा शिल्लक हाय. उद्या जाऊन फॉर्म भरायचा."

"तिथं आग असती ना?" कारभारीने विचारलं.

"असती. तू काय फुलं वेल्डिंग करणार हाय का?"

झालं. घरात यावर पुढे चर्चा झाली नाही.

आयटीआयचं वेल्डिंगचं वर्कशॉप म्हणजे उंच पत्र्याची शेड. आत एका रांगेत खोपटी, प्रत्येक खोपट्याला काळा पडदा, आणि सगळीकडे जळक्या लोखंडाचा वास. शिकवायला रावजी सर होते. पन्नाशीचे, बुटके, आणि मानेच्या डाव्या बाजूला कानापासून खांद्यापर्यंत एक गुळगुळीत गुलाबी पट्टा. तो पट्टा कसा आला हे पहिल्या दिवशी कुणी विचारलं नाही, पण कारभारीची नजर त्याच्यावरून हलली नाही. सर काय बोलत होते ते त्याच्या कानात शिरलंच नाही. त्याला एवढंच दिसत होतं, की हा माणूस या धंद्यात हुशार आहे आणि तरीही जळला आहे.

"काळ्या काचा डोळ्यांपुढे धरा," सर म्हणाले आणि त्यांनी वेल्डिंगची पहिली काडी लोखंडाला टेकवली.

फटकन् आवाज झाला, निळा-पांढरा उजेड झाला, ठिणग्या उडाल्या. पुढचं कारभारीला आठवत नाही. भानावर आला तेव्हा तो सायकल स्टँडवर एका सायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरून उभा होता. सायकल त्याची नव्हती.

त्याला परत न्यायला जो मुलगा आला तो महेश. दिंडोरीकडचा, द्राक्षाच्या बागांत मजुरी करणाऱ्या घरातला. कारभारीच्याच वयाचा, पण खांदे रुंद आणि चेहऱ्यावर कायम अर्धं हसू.

"चल रे. सर रागावले नाय. हसतायत."

"मला नाय जमणार."

"आरं, कुणाला जमतंय? मला तर काय दिसलंच नाय. मी काच उलटी धरली होती."

हे खोटं होतं, हे कारभारीला वर्षभराने कळलं. महेशने काच सरळच धरली होती आणि पहिल्या काडीपासून त्याला सगळं दिसलं होतं. काही माणसांचा हात जन्मतःच त्या कामाचा असतो. महेशने ओढलेला सांधा म्हणजे लोखंडावर ओळीने बसवलेली नाणी. कारभारीने ओढलेला सांधा बघून सर म्हणायचे, "हे कोंबडीने केलं का?" कारण साधं होतं. महेशचा हात हलत नव्हता आणि कारभारीचा थांबत नव्हता.

सगळ्यात वाईट म्हणजे काडी चिकटायची. वेल्डिंगची काडी लोखंडाला हलकेच घासून लगेच उचलावी लागते. घाबरून दाबली की ती तिथेच चिकटते, गुणगुणायला लागते आणि बघता बघता लालबुंद होते. कारभारीची काडी दर वेळी चिकटायची, आणि ती लाल झाली की तो सगळं टाकून पडद्याबाहेर. मग महेश येऊन एक हिसका देऊन ती सोडवायचा. असं पंधरा दिवस चाललं. सोळाव्या दिवशी महेश त्याच्या मागे उभा राहिला, त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि म्हणाला, "काडीपेटी ओढतोस ना घरी? तेवढंच. ओढ आणि उचल. ओढ आणि उचल." त्या दिवशी पहिल्यांदा उजेड पेटला आणि पेटलेला राहिला. कारभारीच्या डोळ्यांत पाणी आलं. काचेमागे ते कुणाला दिसलं नाही, हे बरं झालं.

पण त्याच आठवड्यात त्याने घात करून घेतला. काडी लागली का ते बघायला तो काच बाजूला करून बघायचा. एकदा, दोनदा, वीसदा. दिवसभर काही वाटलं नाही. संध्याकाळी घरी दिवा लावला आणि त्याच्या डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं झालं. पापणी उघडेना. पाण्याच्या धारा लागल्या. कारभारी ओट्यावर बसून ओरडायला लागला, "आई, मी आंधळा झालो!" सरुबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, आधी देवाचं नाव घेतलं, मग गोटीरामांना शिव्या दिल्या, मग शेजारच्या बाईला विचारून बटाट्याचे काप डोळ्यांवर बांधले. ती रात्र कारभारीने कशी काढली ते त्यालाच माहीत. आंधळ्या माणसाला फुलं तोडता येतील का, पाटी बांधता येईल का, याचा तो विचार करत होता. सकाळी काप काढले तर समोर आई दिसली, अंधूक आणि रडवेली. त्याला इतका आनंद झाला की तो तिच्या पाया पडला.

"आता नको जाऊ," आई म्हणाली.

त्यालाही जायचं नव्हतंच. पण महेश त्या दिवशी दुपारी सायकल मारत मातोरीला आला, ओट्यावर बसून दोन भाकरी खाल्ल्या आणि म्हणाला, "सगळ्यांचे डोळे लागतात एकदा. माझे तर काल परत लागले." हेही खोटंच होतं. दुसऱ्या दिवशी कारभारी वर्कशॉपमध्ये हजर.

रावजी सरांनी मानेवरच्या पट्ट्याची गोष्ट सांगितली ती दिवाळीनंतर. त्या दिवशी त्यांनी वर्गात एक रिकामं पिंप आणून ठेवलं. डिझेलचं, दोनशे लिटरचं.

"भरलेल्या पिंपाला सगळे घाबरतात," सर म्हणाले. "रिकाम्याला कोण घाबरतं? हात वर करा."

सगळे हसले. एकच हात वर गेला. कारभारीचा. तो वर करायचा की नाही हे त्याला ठरवताच आलं नव्हतं, हात आपोआप गेला होता.

"का रे?"

"आत काय असंल ते दिसत नाय, सर."

सर हसले नाहीत. त्यांनी मानेवरून हात फिरवला. "मी असंच एक रिकामं पिंप जोडायला घेतलं. आत डिझेलची नुसती वाफ होती. मी वाचलो, माझा मदतनीस वाचला नाही. पिंप आधी धुवायचं, मग पाण्याने भरायचं, मगच काडी लावायची. आणि दुसरी गोष्ट. बंद टाकीत, खड्ड्यात, गोबरगॅसमध्ये कुणी पडला, तर त्याच्यामागे आत उतरायचं नाही. त्याला ज्याने पाडलं ते अजून आतच असतं. मागून उतरणारा आधी मरतो. बाहेर राहायचं आणि दोराने ओढायचं. म्हणून आत जाणाऱ्याला दोर, आणि बाहेर एक माणूस. आणि बाहेरचा माणूस घाबरट बघून ठेवायचा." मग कारभारीकडे बोट करून म्हणाले, "तुमच्यात हा एकटाच म्हातारा होईल."

पोरांनी वर्षभर त्याला म्हातारा म्हणूनच हाक मारली. कारभारीला राग आला नाही. भीतीबद्दल कुणीतरी चांगलं बोललं, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

परीक्षेत बाहेरून आलेल्या साहेबांनी प्रत्येकाचा जॉब, म्हणजे जोडलेला तुकडा, शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळून हातोड्याने वाकवला. कारभारीचा सांधा दिसायला वाईट होता, पण तुटला नाही. दर थरानंतर वरची काळी खपली तो तीन तीनदा झाडायचा, आत काही राहिलं तर काय, या धास्तीने. साहेब म्हणाले, "दिसतं काय आणि निघालं काय!" कारभारी पास झाला. महेश पहिला आला.

पुढे अंबडच्या एका कारखान्यात दोघांची एक वर्षाची उमेदवारी. तिथे शेडच्या छपराच्या लोखंडी कैच्या जोडायला तीस फुटांवर चढावं लागायचं. महेश माकडासारखा जायचा. कारभारी चौथ्या पायरीवर थांबायचा आणि त्याला दरदरून घाम फुटायचा. वर्ष संपलं, महेशला ठेवून घेतलं आणि कारभारी परत शेवंतीत आला. घरच्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही. पण फुलबाजारात कुणी विचारलं, धाकटा काय करतो, की गोटीराम दुसऱ्याच गोष्टी बोलायला लागायचे. हे कारभारीला दिसायचं, आणि तो गुपचूप पाटी उचलायचा. हातात कला असून केवळ भीतीपायी आपण तिचे धनी नाही, हे त्याला रोज खायचं.

अठ्ठ्याण्णव साली महेश नोकरी सोडून आला. दिंडोरी रस्त्याला एक शेड बघितली होती. द्राक्षाच्या मांडवाचे अँगल, फवारणीच्या टाक्यांच्या चौकटी, ट्रॉल्या. काम भरपूर होतं.

"तू पाहिजेस मला," महेश म्हणाला.

"मी? मला शिडीवर चढता येत नाय."

"चढायला मी हाय. मला घाबरायला वेळ नसतो. तू माझ्या वाटचंबी घाबर."

दोघं हसले आणि भागीदारी ठरली. इतक्या साध्या करारावर आठ वर्षं धंदा चालला. दोघांची लग्नं झाली, पोरं झाली. वर चढायचं, आत उतरायचं काम महेशचं. खाली आणि बाहेर कारभारी. कारभारी पिंप धुवायचा, वास घ्यायचा, परत धुवायचा. गिऱ्हाईक कंटाळायचं. "ओ म्हातारबुवा, वाजवा की काडी!" कारभारी काडी वाजवायचा नाही. पिंपात पाणी भरायचा.

दोन हजारनंतर दिंडोरीकडे वायनऱ्या झाल्या. द्राक्षाचा रस साठवायला स्टीलच्या टाक्या आल्या, माणसाच्या दुप्पट उंच आणि आरशासारख्या. त्यांचं वेल्डिंग वेगळं. त्याला आर्गॉन नावाचा गॅस लागतो. सिलिंडर बाहेर, तिथून पाइप टाकीत, पाइपच्या टोकाला टॉर्च, म्हणजे हातात धरून वेल्डिंग करायची नळी. महेश नाशिकला जाऊन महिन्याभरात ते शिकून आला. कारभारीनेही शिकून घेतलं, पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. आर्गॉन विषारी नाही, त्याला वास नाही, रंग नाही. पण तो हवेपेक्षा जड आहे. टाकीच्या तळाला तो पाण्यासारखा साचतो, आणि त्यात तोंड बुडालेल्या माणसाला आपण बुडालो आहोत हे कळतच नाही. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी कारभारीला जेवण गेलं नाही.

मग त्याने आपली पद्धत बसवली. टाकीच्या वरच्या तोंडावर पाइपांचं तीन पायांचं तिकाटणं, त्याला विहिरीवर असते तशी कप्पी, कप्पीवरून दोर, आणि दोर महेशच्या काखेतून पाठीला बांधलेला. वेल्डिंग चालू असताना पंखा लावता येत नाही, वाऱ्याने गॅस उडतो आणि सांधा काळा पडतो. म्हणून ठोके. महेशने आतून बोटभर सांधा पुरा केला की हातोडीच्या लाकडी दांड्याने टाकीवर दोनदा ठोकायचं. कारभारीने बाहेरून एकदा. शंभर आकडे मोजेपर्यंत आतून ठोके आले नाहीत, तर ओढायचं. आणि महेश बाहेर आला रे आला, की सिलिंडरची चावी बंद. मग तो पाणी प्यायला का येईना.

महेश वैतागायचा. "दर वेळी चावी फिरवतोस, परत सगळा गॅस सेट करत बसायचं." पण वैतागून ऐकायचा. त्याने तर टॉर्चवरची चावी बंद करायची सवयच सोडून दिली होती. बाहेर कारभारी होता ना.

दोन हजार सहाचा जानेवारी संपत आला होता. एका वायनरीतल्या टाकीचा तळाचा सांधा पाझरत होता. आठवड्याभरात द्राक्षं यायची होती, त्यामुळे तिथले सुपरवायझर डोक्यावर उभे. सकाळभर महेश आत. ठोके जात होते, येत होते. साडेबाराला महेशचा धाकटा भाऊ सुयश डबे घेऊन आला आणि महेश वर आला. कारभारी सवयीने सिलिंडरकडे वळला.

"हे काय करतात हो?" सुपरवायझरने महेशला विचारलं. "सकाळपासून बघतोय. एक माणूस काम करतो आणि एक माणूस टाकी वाजवतो आणि चावी फिरवतो. आमच्याकडे देवळात ठेवतात असा माणूस, घंटेला."

तिथले पाच-सहा कामगार खो खो हसले. सुयशही हसला. महेशही हसला, त्याच्या नेहमीच्या अर्ध्या हसण्याने. यात त्याचं वाईट असं काही नव्हतं. पण कारभारीचे कान तापले. एकोणतीस वर्षांच्या, दोन लेकरांच्या बापाला माणसं घंटेवाला म्हणत होती. त्याचा हात चावीवर होता. त्याने तो काढून घेतला.

"राहू दे," तो म्हणाला, पण हसण्याच्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. "काय होतंय एवढ्याने."

आयुष्यात पहिल्यांदाच त्याने हे वाक्य उच्चारलं होतं. त्याला बरंही वाटलं. जेवताना तो जरा जास्त बोलला, सुपरवायझरने दिलेली द्राक्षं खाल्ली, दोन विनोद केले. जेवण, तंबाखू, गप्पा धरून तास सव्वा तास गेला. टाकीच्या तळाशी टॉर्च पडलेली होती आणि तिच्या तोंडातून गॅस बाहेर कुणाला ऐकू येणार नाही इतक्या हळू सुटत होता.

महेश पुन्हा उतरला. कारभारीने दोर तपासला, तेवढी सवय सुटली नव्हती. आतून ठोके आले, टक टक. त्याने उत्तर दिलं. मग तो मोजू लागला. तीस. चाळीस. आतला उजेड टाकीच्या तोंडातून निळा दिसायचा, तो दिसेना. पन्नास. आणि पन्नासला कारभारीच्या नजरेसमोर सिलिंडर आला. चावी उघडी. सकाळपासून उघडी. तो शंभरापर्यंत थांबलाच नाही.

"महेश!" त्याने टाकीवर हातोडी हाणली. "मह्या!"

आतून काही आलं नाही. ज्याला शिडीच्या चार पायऱ्या चढायची छाती नव्हती, तो कधी वर पोचला हे त्यालाही कळलं नाही. वरून डोकावला तर महेश तळाला कुशीवर पडलेला, जसा काही झोपला आहे. सुयश त्याच्या पाठोपाठ वर आला आणि भावाला बघून सरळ टाकीच्या तोंडात पाय घालून उतरायला लागला. कारभारीने त्याची कॉलर धरली.

"सोड! भाऊ हाय माझा!"

"खाली गेलास तर तूबी मरशील!"

"सोड, भित्र्या!"

कारभारीने त्याच्या तोंडात मारली. जन्मात कुणावर हात न उचललेल्या माणसाने इतक्या जोरात मारली की सुयशच्या ओठातून रक्त आलं. खाली कामगार ओरडत होते, "उतरा की कुणीतरी!" कारभारीचा आवाज फुटला. "कुणी उतरायचं नाय! दोर ओढा! चावी बंद करा, चावी!" चौघांनी दोर धरला, कप्पी कुरकुरली, आणि महेश हळूहळू वर येऊ लागला. मान लटकलेली, ओठ निळे. विहिरीतून बादली वर येते तसा. त्या दोराचा एकेक हात वर येताना कारभारी मनात काय काय म्हणत होता ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

जमिनीवर घेतलं. छाती दाबली, तोंडाने श्वास भरला, पुन्हा दाबली. मग महेशच्या घशातून एक घरघर आली. नंतर खोकला. जीपमध्ये टाकून नाशिकला नेईपर्यंत त्याने डोळे उघडले होते.

चार दिवसांनी वायनरीवाल्यांनी कारभारीला बोलावून शाल आणि नारळ दिला. तोच सुपरवायझर भाषणात म्हणाला, यांच्यासारखा धीराचा माणूस आम्ही पाहिला नाही. टाळ्या झाल्या. सुयशने वाकून पाया पडून माफी मागितली. कारभारी शाल मांडीवर घेऊन बसला होता. चावी उघडी होती हे सगळ्यांना माहीत होतं. ती कुणी उघडी ठेवली, हे कुणी विचारलंच नव्हतं. गडबडीत महेशकडून राहिली, असं सगळ्यांनी धरून घेतलं होतं. फक्त कारभारीने तोंड उघडायचा अवकाश होता, आणि त्याची बोबडी वळली होती. विहीर, बैल, आग, उंची, आजवर त्याने जे जे भिऊन टाळलं ते सगळं या एका गोष्टीपुढे लहान होतं. हे महेशला सांगायचं.

तिथून तो सरळ महेशच्या घरी गेला. महेश खाटेवर बसून चहा पीत होता. कपबशी त्याच्या हातात किणकिणत होती. ज्या हाताने नाण्यांसारखे सांधे ओढले, तो हात थांबत नव्हता.

"चावी मी उघडी ठेवली," कारभारी उंबऱ्यातूनच म्हणाला. बसला असता तर त्याच्याने बोलवलं नसतं. "लोक हसले म्हणून. मला लाज वाटली म्हणून. तू मरणार होतास, मह्या. माझ्यामुळं."

महेशने कप खाली ठेवला.

"मला गॅस ऐकू आला होता," तो म्हणाला.

"काय?"

"टॉर्च उचलली तवा सुस्स आवाज येत होता. गॅस आधीच चालू. मी म्हटलं, आत्ता मी उतरलो म्हणून तू चावी खोलली असंल. जेवताना ती उघडी राहिली असंल, हे माझ्या डोक्यातच आलं नाय रे. आठ वर्षांत कधी आलं नाय. मला वाटायचं, मी लय डेरिंगबाज हाय." त्याने आपल्या थरथरत्या हाताकडे बघितलं. "तू घाबरायचास म्हणून होतं ते."

कारभारीला रडू कोसळलं. महेशने त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "टाकी अर्धीच राहिलीय. परवा द्राक्षं येतायत. मी काल जाऊन बघून आलो. तोंडापाशी उभा राहिलो आणि पाय उचलंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं टाकीपाशी उभे होते. आधी तासभर पंखा लावून आतली हवा बदलली. महेशने सिलिंडरची चावी बंद करून दाखवली, उघडून दाखवली, पुन्हा बंद करून दाखवली. कारभारी दर वेळी मान हलवत होता. सुपरवायझर लांब उभा होता. या खेपेला तो हसला नाही. दोर महेशने कारभारीच्या पाठीला बांधला, गाठ ओढून बघितली, सोडली आणि परत बांधली. कारभारी शिडी चढला. वर पोचल्यावर त्याने एकदाच खाली बघितलं आणि पाय आत घातला. वेल्डिंग शिकायला लागल्याला तेरा वर्षं झाली होती, आणि तो पहिल्यांदा टाकीत उतरत होता.

तळाशी चारही बाजूंनी त्याला स्वतःचाच चेहरा दिसत होता, लांबट, पांढरा फटक. अर्धा राहिलेला सांधा समोर होता, महेशच्या हातचा, आणि तो जिथे थांबला होता तिथे एक काळा डाग होता. कारभारीला तिथे बघवेना. श्वास मोठा घेतला तर तो पुरतोय की नाही हेच कळेना. त्याला वर पळायचं होतं. वर्कशॉपमधून पहिल्या दिवशी पळाला तसं, थेट सायकल स्टँडपर्यंत.

काडी, टॉर्च काही हातात घेण्याआधी त्याने हातोडी उलटी धरली आणि दांड्याने टाकीवर ठोकलं. टक टक.

दुसऱ्या टकचा आवाज विरायच्या आत बाहेरून उत्तर आलं. महेश हातोडी उचलूनच बसला होता.